टोटारा खोऱ्याचा सभासद

नदीच्या मधोमध घोडा अडला तेव्हा एबनेझर टॉरन्सने नदीला, घोड्याला आणि प्रांतिक सभेला अशा काही शिव्या हासडल्या, की पाद्र्याच्या कानावर गेल्या असत्या तर रविवारी त्याला चर्चची पायरी चढू दिली नसती. नदी ओलांडायचा नेहमीचा उतार पुराने गिळला होता, म्हणून तो पार वरच्या अंगाने, खडकांतून आला होता. बूट पाण्याने भरले होते. पण दुपारच्या आत शहर गाठायचंच होतं.

खोऱ्याने त्याला गेल्या वर्षी निवडून दिलं ते एका रस्त्यासाठी. बाहेर पडायला बैलगाडीपुरतीही वाट नव्हती. आजारी माणसाला घराचं दार काढून त्यावर निजवून न्यावं लागे. मागच्या हिवाळ्यात मिसेस पेनीकुकला असंच नेलं, आणि बिचारी वाटेतच गेली. एवढं झाल्यावर कुठे रस्त्याचे पैसे मंजूर झाले. आता खजिनदार लेथब्रिजने ठराव आणला होता, की ते पैसे काढून बंदराच्या धक्क्याला द्यावेत. धक्का लेथब्रिजच्या गोदामासमोर होणार होता, हे सांगायला नकोच. मतदान आज होतं, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी.

टॉरन्सचा खरा राग मात्र आपल्याच माणसांवर होता. मागच्या खेपेला तो बोलायला उभा राहिला, तशी निम्मी सभा जेवायला उठली, आणि त्यांत त्याच्याच बाजूचा पुढारी गिलख्रिस्टही होता. वर पुन्हा, राजकारण सबुरीने करायचं असतं, असं त्यालाच शिकवून गेला. सबुरी! पेनीकुकबाईला सांगायची होती ती सबुरी.

तबेल्यात घोडा बांधून तो मागच्या गल्लीने सभागृहात शिरला आणि चकित झाला. सभा अजून सुरूच झाली नव्हती. ज्या लेथब्रिजने आजवर त्याला पाहून टोपीला हातसुद्धा लावला नव्हता, तो उठून सामोरा आला. त्याने ओला कोट उतरवून घेतला, शेकोटीजवळची खुर्ची दिली, ब्रँडी मागवली. अध्यक्षही त्याच्याकडे पाहून चक्क हसले. भरल्या पुरातून आलेल्या माणसाची शत्रूलाही कदर असते, असं टॉरन्सला वाटलं आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. त्याच्या बाजूची बाकं मात्र सगळी रिकामी होती. ते पाहून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात दारात गिलख्रिस्ट दिसला. समोरच्या हॉटेलातून धावत आला असावा, जेवणाचा रुमाल गळ्यात तसाच होता. उंबरठ्याशी येऊन तो थांबला. आत पाऊल टाकेना, नुसताच हाताने बोलवत राहिला.

"बाहेर ये. आधी बाहेर ये, मग सांगतो."

"तू आत ये की," टॉरन्स बसल्या जागेवरून म्हणाला. "तिकडे मटण झोडत बसा तुम्ही. खोऱ्याचा एक तरी माणूस इथे बसलेला दिसू दे लोकांना."

रखवालदाराने दार लावून घेतलं. सभा सुरू झाल्याचं अध्यक्षांनी जाहीर केलं.

टॉरन्स त्या दिवशी बोलला तसा जन्मात बोलला नव्हता. पेनीकुकबाईला नेताना दाराचं एक टोक त्याच्याच खांद्यावर होतं, तेही त्याने सांगितलं. कुणी मधे तोंड घातलं नाही, कुणी जेवायला उठलं नाही. लेथब्रिज तर हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होता. मग मतदान झालं. टॉरन्सचा एकट्याचा नकार पडला आणि ठराव मंजूर झाला. पाठोपाठ बाराचे ठोके पडले आणि अधिवेशन संपलं.

बाहेर पायरीवर गिलख्रिस्ट डोकं धरून बसला होता. टॉरन्सने त्याला फैलावर घेतलं. भेकड म्हणाला, विकला गेलेला म्हणाला, आणखीही बरंच काही म्हणाला. गिलख्रिस्टने सगळं ऐकून घेतलं.

"आम्ही सगळे आत असतो तरी हरलोच असतो. जास्त तेच आहेत," तो शेवटी म्हणाला. "बारा वाजेपर्यंत ठराव झाला नसता तर तो मेलाच होता, पैसे तुमच्या रस्त्याला राहत होते. काल तुझ्याकडे माणूस धाडला, घरीच थांब म्हणून. तो खालच्या उतारावर पुरात अडकला."

"घरी थांबू? का?"

"नऊ सभासद बसल्याशिवाय सभा भरत नाही, टॉरन्स. सकाळपासून ते आठच जण बसले होते."