आठवी होडी

"पोकळ वाजतेय," बाप म्हणाला आणि त्याने लाकडी हातोडी खिशात घातली. "थर सुटलेत. आत पाणी मुरलंय. ही पण नको."

होडीच्या दलालाचं तोंड उतरलं. यार्डात टेकूंवर उभी केलेली ही हिरवी शिडाची होडी त्याने सकाळी स्वतः धुतली होती.

"काका, कुठे पोकळ? दाखवा तरी."

"मला दाखवायला सांगतोस? चाळीस वर्षं होड्या दुरुस्त केल्यात मी. तुझं वय तेवढं नसेल."

म्हाताऱ्याच्या कानाशी वाद घालणारं माणूस त्या धक्क्यावर अजून जन्माला यायचं होतं. खरं तर ते जन्माला येऊन बत्तीस वर्षं झाली होती, आणि त्या क्षणी ते होडीच्या पोटातच बसलं होतं.

लेक शिडीवरून उतरली ती दोन-दोन पायऱ्या सोडत. हात ग्रीसने काळे, केसांत कोळिष्टकं आणि तळपायाची आग मस्तकात गेलेली.

"कुठे पोकळ आहे?"

बापाने सुकाणूच्या पुढची जागा दाखवली. तिने त्याच्या खिशातून हातोडी ओढून काढली आणि तिथेच हाणली. टक्क. भरीव, कोरडा आवाज. पुन्हा हाणली. टक्क. दलालालासुद्धा कळलं.

"मी आत होते, बाबा. भिंतीला कान लावून."

होडी तपासायचं काम दोघांचं असतं. एकाने बाहेरून ठोकत जायचं, दुसऱ्याने आतून ऐकायचं. बाहेर वाऱ्यात कान फसतो, आत फसत नाही. सुकी जागा टक्क वाजते, पाणी मुरलेली ढब करते. हे तिला आठव्या वर्षी बापानेच शिकवलं होतं. पण आधीच्या सात होड्या त्याने एकट्याने पाहिल्या, कारण तिला नोकरीतून सुटी नव्हती. सात वेळा आत कोणी ऐकायला नसलं की माणसाला वाटेल ते सांगायची सवय लागते. आज तिने रजा काढली होती. खोटं बोलायचं, तर निदान आत कोण बसलंय हे तरी लक्षात ठेवावं!

"आणि मागच्या खेपेची ती निळी? डोलकाठीच्या बुडाशी कुजलीय म्हणालात. कुजली होती?"

बाप वाकून टेकू चाचपायला लागला.

"विचारतेय मी. कुजली होती?"

"काका, एक सांगू का..." दलालाने तोंड उघडलं.

"तू मध्ये पडू नकोस!" दोघंही एकदम ओरडले.

तिने हातोडी टेकूवर आपटली. "ठीक आहे. पुढच्या महिन्यात वारा फिरतो. मी निघणार, समुद्र पार करणार आणि एकटीच जाणार. धक्क्याला ती पांढरी लागलीय ना, तीच घेते."

"पांढरीत फ्रिज पण आहे," दलाल पुटपुटला.

"फ्रिज!" बाप उसळला. "लाटांना काय सरबत पाजणार आहात? आत दिवाणखाना केलाय नुसता. होडी कलंडली की धरायला एक दांडा नाही. या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटशील. हाडं मोडतील, आणि विचारायला कुत्रं नसेल तिथे! सुकाणू बघितलंस? उघडं लटकतंय. एक ओंडका आपटला की गेलं. पाहुण्यांना मिरवायची होडी आहे ती. तीस-तीस दिवस जमीन दिसत नाही, अशा प्रवासाला तिच्यातून कोण जातं?"

"मग कशातून जातात?"

"हिच्यातून!" त्याने हिरव्या होडीवर पंजा मारला. "बुडाखालचा कणा बघ, लांबलचक, अंगातच घडवलेला. सुकाणू त्याच्या आडोशाला. आत खोली अरुंद, कुठेही तोल गेला तरी हाताला काहीतरी लागतं. मागची बसायची जागा लहान. लाट चढली तरी किती पाणी राहणार? आणि ते जायला भोकं किती मोठी ठेवलीत बघ. हिला बनवणारा माणूस..."

तो थांबला. आपण काय बोलून बसलो ते त्याला आता ऐकू आलं.

"एवढं सगळं दिसत होतं," ती म्हणाली, "तर पोकळ का म्हणालात?"

"वाईट होडी असती तर तू स्वतःच नको म्हणाली असतीस." त्याचा आवाजही चढला. "चांगलीला नको म्हणायला माझ्याकडे दुसरं काय होतं?"

ती विरघळली नाही. उलट जास्तच भडकली.

"'जाऊ नकोस' म्हणायचं होतंत! भांडले असते, रडले असते, आणि गेले असते. पण तुमच्या कानावरचा विश्वास तरी बरोबर नेला असता. आता समुद्रात काही वाजलं, तर कोणाचं शिकवलेलं खरं मानू मी?"

तिने हातोडी बापाच्या हातात कोंबली.

"डावी बाजू राहिलीय. ठोका. आणि जे वाजेल ते सांगा."

ती शिडी चढून आत गेली. म्हाताऱ्याने होडीच्या नाकापासून सुरुवात केली. टक्क. "बरोबर," आतून आवाज आला, तुटक. टक्क. "बरोबर." हातभर अंतर सोडत तो मागे सरकत राहिला, आणि आत तीही त्याच्याबरोबर सरकत राहिली. प्रवासात ती जिथे झोपणार होती त्या फळीपाशी तो आला. टक्क.

"बरोबर."

त्याने तिथेच पुन्हा ठोकलं.

"बरोबर!"

त्याने तिसऱ्यांदा तिथेच ठोकलं.

"ऐकलं म्हटलं ना!" ती आतून ओरडली. "पुढे सरका, बाबा!"