आईला गर्दी झेपत नाही

या मंडळी, कान इकडे द्या. एका आईची आणि तिच्या लेकाची गोष्ट सांगतो. एवढीशीच आहे. पूर्वरंग नाही, एकदम आख्यानालाच हात घालतो.

नेदरलँड्समधल्या बेस्ट गावी श्रेयसच्या घरी शनिवारी सकाळी राजन आणि वृंदा आले होते. दोन गल्ल्या सोडून राहणारं जोडपं. दुसऱ्या दिवशी युट्रेख्टला पुण्याच्या बुवांचं कीर्तन होतं आणि त्यांच्या गाडीत एक जागा रिकामी होती.

"काकू, चला ना आमच्याबरोबर," वृंदा म्हणाली.

जयंतीबाई पोहे परतत होत्या. झारा तिथल्या तिथे थांबला. लेकाकडे येऊन त्यांना पाच आठवडे झाले होते, आणि एवढ्या दिवसांत कीर्तन त्यांनी ऐकलं होतं ते फक्त फोनवर. त्यांनी श्रेयसकडे पाहिलं.

"नको गं," श्रेयस लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला. "अडीचशे माणसं असतील तिथे. आईला गर्दी झेपत नाही."

"झेपत नाही कशी?" राजन म्हणाला. "गेल्या वर्षी ऑफिसच्या कामाला गेलास तेव्हा त्यांना अमेरिका दाखवून आणलीस ना? तूच सांगत होतास सगळ्यांना."

"हो तर," जयंतीबाई लगबगीनं म्हणाल्या. "न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस, तिन्ही पाहिलीत. मला गर्दीचं काही वाटत नाही."

"मग सांगा बघू, सगळ्यात जास्त गर्दी कुठे?" राजन खुर्ची ओढून बसला. "मी ह्यूस्टनला चार वर्षं काढली. तिथे रस्त्यानं चालणारा माणूस दिसला की लोक गाडी थांबवून विचारायचे, बाबा रे, तुझी गाडी बंद पडली का?"

जयंतीबाई हसल्या. गॅस बारीक करून परीक्षेला बसल्यासारख्या उत्तर देऊ लागल्या.

"न्यूयॉर्कलाच जास्त. सकाळी आठला जी माणसं सुरू होतात, ती संपतच नाहीत. दिवा लाल झाला की साचतात, हिरवा झाला की सांडतात. शिकागोला तेवढी नाहीत, पण तिथे घाई फार. वारा तर असा की लोक टोपी धरूनच चालतात. एक बाई रोज पावणेनऊला लाल पर्स घेऊन पळायची. रोज उशीर बिचारीला."

"रोज? ओळख काढलीत वाटतं तिची!" वृंदा म्हणाली.

"आणि लॉस एंजेलिसला माणसंच नाहीत गं. नुसत्या गाड्या. त्यासुद्धा उभ्या."

"पण काकू, न्यूयॉर्कचा तो गोंगाट!" राजननं कपाळाला हात लावला. "ते भोंगे, ते सायरन. माझं तर दोन दिवसांत डोकं उठलं होतं."

"छे, आवाज कुठे होता?" जयंतीबाई म्हणाल्या. "इतकी माणसं, पण सगळं कसं गाभाऱ्यासारखं शांत."

राजन खो खो हसला. "न्यूयॉर्क आणि शांत! कानात कापूस घालून फिरलात की काय?"

श्रेयसची बोटं थांबली. हॉटेलातली सव्विसाव्या मजल्यावरची खोली, न उघडणारी खिडकी, जाड काच. बाहेर फार गर्दी आहे आई, संध्याकाळी जाऊ, असं तो सकाळी सांगून निघायचा. संध्याकाळी क्लायंटबरोबर जेवण असायचं. परतला की चहाच्या किटलीत शिजवलेला मऊभात त्याच्यासाठी झाकून ठेवलेला असे, आणि टेबलाजवळची खुर्ची खिडकीशी ओढलेली. रोज तो ती जागेवर ठेवायचा, रोज ती पुन्हा खिडकीशी. कोणी ओढली, कशाला ओढली, हे त्यानं विचारलं नव्हतं. तीन शहरं, अकरा दिवस.

आपण काय बोलून गेलो, ते जयंतीबाईंच्याही आत्ता लक्षात आलं. "हल्ली मला कमीच ऐकू येतं रे," त्या घाईनं म्हणाल्या. "पोहे घे, गार होतील."

वरच्या खोलीत श्रेयस नुसता खोकला तरी खालून हळददूध घेऊन येणारी बाई ती.

श्रेयसनं लॅपटॉप मिटला. "राजन, आईचे कान चांगले आहेत. मी तिला हॉटेलबाहेर नेलंच नव्हतं. एकदाही नाही."

राजनचं हसू तोंडावरच राहिलं. वृंदा ताटलीकडे बघत बसली.

"काहीतरीच बोलतोस," जयंतीबाई म्हणाल्या. "अरे राजन, खिडकीतनं सगळं दिसायचं. खोली केवढी उंचावर घेतली होती यानं माझ्यासाठी!"

श्रेयसला मान वर करता येईना.

"काकू, उद्या दोनला तयार राहा," वृंदा म्हणाली. तिनं श्रेयसला विचारलं नाही.

रविवारी युट्रेख्टला, बास्केटबॉलच्या रेषा आखलेल्या एका हॉलमध्ये जयंतीबाई दुसऱ्या रांगेत बसल्या. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी शाल टाकून ठेवली. कोणी विचारलं की सांगत, "मुलगा येतोय माझा."

तो आला होता, गाडीत जागा नव्हती म्हणून ट्रेननं, मागून. दाराशी बुक्का लावणाऱ्या गृहस्थांनी बोट पुढे केलं, तसा तो मागे सरला. "नको काका, मी नुसता आईला न्यायला आलोय."

"अहो, आत्ता तर सुरू होतंय."

"हो," तो म्हणाला आणि चपलांच्या ढिगाजवळ उभा राहिला. आत गजर सुरू झाला. अडीचशे माणसांनी हात वर केले. त्यात एक हात टाळी सोडून पुन्हा पुन्हा शेजारच्या खुर्चीवर जात होता, शाल नीट करायला.

मंडळी, आईची आठवण सगळेच ठेवतात. आज हात जोडाल तेव्हा त्या दाराशी उभ्या असलेल्या लेकाची ठेवा.