दुसरी सही

आमच्या छोट्याशा बाइंडिंग कंपनीच्या वार्षिक ताळेबंदावर दुसरी सही माझ्या बायकोची. कागदोपत्री तीही संचालक. एकोणीस वर्षं मी बोट ठेवायचो तिथे ती सही करायची. यंदा तिने चष्मा लावला. “वहिनी, आज शेवटची तारीख,” ऑडिटर घड्याळ बघत म्हणाले. तिचं बोट एका ओळीवर थांबलं. “हे कटिंग मशीन आपण भंगारात दिलं ना? मग मालमत्तेत कसं?” चूक माझीच होती, ऑडिटरांच्याही नजरेतून सुटलेली. “तुमच्या कसं लक्षात आलं?” त्यांनी विचारलं. “मशीनला तेल मी घालायचे. हे नुसते कागद चाळतात.” ऑडिटरांनी दुरुस्त पान छापून पेन पुढे केलं. तिने मात्र पहिलं पान उघडलं. त्यांनी आशेने माझ्याकडे पाहिलं. एरवी मी तोंडातल्या तोंडात बोलतो. आज खणखणीत म्हणालो, “बसा साहेब, संचालक वाचतायत.”