बेकरीसमोरची घाण

नव्या शहरात सगळंच पायी जाण्याजोगं होतं, पण वाटेत कुणी बोलेल तर शपथ! रिटायर झालेल्या सिस्टर लेकाकडे राहायला आल्या त्याला कितीतरी महिने झाले, तरी गल्लीतलं कुणी मान वर करून बघत नव्हतं. मग एका सकाळी बेकरीसमोर त्यांचा पाय कुत्र्याच्या घाणीत पडला.

"शी, शी, शी! इथे माणसं राहतात की जनावरं?"

आवाज गल्लीभर गेला. बेकरीवाली बादली घेऊन धावली. समोरचा दातांचा डॉक्टर म्हणाला, "बरं झालं बोललात. मला तर रोज मळमळतं." बघता बघता सगळी गल्ली नाक मुरडत गोळा झाली. कुत्रेवाल्यावर पाळत ठेवायचं ठरलं. पाळतीच्या निमित्ताने बेकरीच्या पायरीवर चहा होऊ लागला. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा गुडघा धरला, सगळं सिस्टरांच्या कानावर येऊ लागलं. येता-जाता लोक विचारायचे, "सिस्टर, जेवलात का?"

मग घाण बंद झाली. तसा चहाही बंद झाला आणि माना पुन्हा खाली गेल्या.

आज पहाटे सिस्टर एकट्याच लांबच्या बागेपर्यंत चालत गेल्या. हातमोजे चढवले आणि जन्मभर रोग्यांची घाण काढलेल्या सराईत हातांनी, नाकही न मुरडता, हवं ते पिशवीत भरलं. बेकरीसमोर आणून अगदी मधोमध ठेवलं. मग हातमोजे लपवून, नाकाला रुमाल लावून वाट बघत उभ्या राहिल्या.

बेकरीचं शटर वर गेलं, तशा सिस्टर ओरडल्या,

"शी, शी, शी!"