नवं पाणी

सासूबाई येऊन तास झाला, तरी जावयाचं बूड माशांच्या टाकीपुढून हलेना. आत लेक डोळे पुसत बॅग भरत होती आणि हा, शुद्ध केलेल्या पाण्यात मोजून मीठ कालवून, दिवसभर घुसळून टाकीत भरलेलं ते पाणी नळीनं थेंबथेंब नव्या समुद्री माशाच्या डब्यात सोडत बसला होता.

"महिना झाला लग्नाला, तरी तुमची मुलगी आमच्या घरात रुळत नाही," तो मान न वळवता म्हणाला.

"मासा सरळ टाकीत का नाही सोडत?"

"एकदम सोडला तर दगावेल, आई. नव्या पाण्याची सवय व्हायला वेळ लागतो. दम धरावा लागतो."

सासूबाईंनी आतून लेकीची बॅग उचलून आणली.

"जावईबापू, अक्कल आहे तुम्हाला, पण सगळी टाकीत बुडालीय. लेकीला नेते मी. माशासाठी धरलात तेवढा दम तिच्यासाठी धरता आला, की न्यायला या."