आठ इंची पाईप

मोहन्यात ऐन मे महिन्यात ड्रेनेजच्या लाईनीत स्वच्छ पाणी वाहत होतं. कुठून शिरतंय ते शोधायला राकेशसाहेबांनी चेंबरमध्ये मशीनने धूर सोडला. पाईप जिथे फुटलाय तिथून धूर वर यायला हवा होता.

धूर कुठूनच आला नाही. आत कोणीतरी खोकलं.

"आठ इंची पाईप आहे, दगडू. माणूस मावत नाही," साहेब मजुराला म्हणाले आणि त्यांनी धूर वाढवला.

खोकला थांबला. पाणीही थांबलं. साहेबांनी वहीत लिहिलं, गळती बंद.

पुढच्या चेंबरचं झाकण उचललं, तर धूर सोडायच्या आधीच खोकला ऐकू आला.

दगडूने साहेबांचा हात धरला. "साहेब, नको. हा माझ्या बायकोचा खोकला आहे. ताप आलाय तिला, आत्ताच घरी झोपवून आलोय."

"घरी आहे ना? मग घाबरतोस कशाला?" म्हणत साहेबांनी मशीन चालू केलं.