मधल्या सीटवरचे नानाजी

हरिसिंगची काळीपिवळी कामरगावच्या फाट्यावर उभी होती आणि मेहरबी आत बसून पुन्हा पुन्हा तेच पान वाचत होती. कादंबरीची शेवटची काही पानं उरली होती. पण डोळे ओळीवर आणि जीव कारंज्यात.

कारंज्यात आज बैठक होती. तिच्या धाकट्या बहिणीला, मंतशाला, नवऱ्याकडे परत पाठवायचं की नाही ते ठरणार होतं. म्हणजे पाठवायचं हे ठरलेलंच होतं. मंडळी फक्त चहा प्यायला जमणार होती. भाऊ इमरानने सकाळीच फोनवर बजावलं होतं, "आपा, तुम बस आके बैठना. औरतजात बैठी रही तो बैठक भरी दिखती. बोलना कुछ नहीं."

ईदच्या कपड्यांचं माप घेताना मेहरबीने मंतशाची पाठ पाहिली होती. काळीनिळी. टेप तसाच हातात राहिला होता. "किसी को बोलना मत, आपा," मंतशा म्हणाली होती, आणि मेहरबी अजून कुणाला बोलली नव्हती.

"निघालो, निघालो! कारंजा, दोनच सीट!" हरिसिंग ओरडला. गाडी अर्धी रिकामी होती.

"मघापासून निघूनच राह्यला तू!" मेहरबी करवादली.

"भरलीच समजा, भाभी."

शेजारी, मधल्या सीटवर, मांडीवर पिशवी घेतलेले एक नानाजी होते. ती चढली त्याआधीपासून बसलेले. त्यांना मात्र कसलीच घाई दिसत नव्हती.

"काय वाचून राह्यल्या, बाई?"

"कादंबरी हाय. सुनेवर दागिना चोरल्याचा आळ घेतला, अन् तिले घराबाहेर काढून राह्यले."

"मंग, काढलं काय?"

"तिथंच अडली मी. अन् एक म्हातारी हाय यात. जवा पाहा तवा ओट्यावर बसून वाती वळते. ना बोलणं, ना काही. लेखकानं हिले कायले पोसलं, समजतच नाही. एवढ्या वातीत अख्ख्या गावचे दिवे लागले असते."

नानाजी हसले. "बसणं बी कामच असते, बाई."

तेवढ्यात स्टीलचा डबा घेतलेल्या एक बाई खिडकीतून डोकावल्या. आत माणसं दिसली तशा चढल्या आणि मेहरबीसमोर बसल्या. त्यांच्यामागून कॉलेजच्या दोन पोरी, मग एक कुटुंब लेकराबाळांसकट. मेहरबीने पान उलटलं.

सुनेची पेटी अंगणात आली होती. सगळे जमले होते. म्हातारीने कापूस खाली ठेवला आणि म्हणाली, "दागिना तिच्या नवऱ्यानं विकला. मी पाहिलं." बस, एवढंच. पुढे दोन ओळी आणि कादंबरी संपली.

मेहरबी भराभर मागची पानं चाळू लागली. खरंच की. घरात जेव्हा जेव्हा काही घडलं, तेव्हा म्हातारी तिथेच होती. लेखकाने तिला पोसलं नव्हतं, पहाऱ्यावर बसवलं होतं. आणि आपण तिला हसत होतो!

पुस्तक मिटलं तरी जिवाला स्वस्थता येईना.

गाडी भरली. हरिसिंगने चावी फिरवली, तसे नानाजी पिशवी सावरत खाली उतरले.

"अवो, गाडी निघाली! तुमी उतरून कायले राह्यले?"

"मले कुठं जायचं हाय, बाई?" नानाजी म्हणाले. "रिकाम्या गाडीत कोणी चढत नाही. मी बसलेला दिसलो, म्हणून तुमी चढल्या. झालं माहं काम."

हरिसिंगने खिडकीतून त्यांच्या हातावर तंबाखूची पुडी टेकवली. नानाजी मागे उभ्या असलेल्या रिकाम्या काळीपिवळीत जाऊन बसले. मधल्याच सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन.

मधे धूळ येईपर्यंत मेहरबी त्या गाडीकडे पाहत राहिली. मांडीवरचा फोन वाजला. इमरान. वाजून वाजून बंद पडला. तिचे ओठ हलत होते, पण इंजिनाच्या घरघरीत काय म्हणतेय ते तिचं तिलाही कळत नव्हतं.

डब्यावाल्या बाई वाकल्या. "काय होऊन राह्यलं वो? मळमळते काय? खिडकीशी बसता?"

"नाही वो. आवाज निघते का, ते पाहून राह्यली."

बाईंनी डबा मांडीवर घट्ट धरला आणि तिच्याकडे एकदा नीट पाहिलं.

"मंग मोठ्यानं काढा," त्या म्हणाल्या. "हळू बोललेलं इथं कोणालेच ऐकू येत नाही."